ऑप्टोमेट्री एन्ट्रन्सच्या लिस्टमध्ये नाव नाही. आता ड्रॉप घेऊ की मिळेल तिथे अ‍ॅडमिशन?

पाथर्डीफाटा_गर्ल

नमस्कार सगळ्यांना. एवढे दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकचीच. यंदा बारावी सायन्स झाले, पीसीबी. बोर्डाला मार्क चांगले आहेत, तिथे प्रॉब्लेम नाही. मला बी.ऑप्टोम (ऑप्टोमेट्रीची डिग्री, डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचा कोर्स) करायचंय आणि ते आत्ता नीटची परीक्षा बिघडली म्हणून नाही, दहावीपासूनच डोक्यात होतं कारण पप्पांचं चष्म्याचं दुकान आहे, छोटंसंच आहे, पण मी लहानपणापासून शाळा सुटली की तिथेच बसायचे, होमवर्क पण तिथेच. दोन एन्ट्रन्स दिल्या, एक एम्सची पॅरामेडिकल आणि एक साऊथच्या एका कॉलेजची. साऊथवाल्याच्या लिस्टमध्ये नाव नाही, वेटिंगला पण नाही. एम्सची रँक इतकी मागे आहे की काउन्सेलिंगकडे बघायचंच नाही. बायो मस्त गेलेलं, केमिस्ट्री ठीक, फिजिक्सने वाट लावली. आणि त्यात पण रे ऑप्टिक्स, म्हणजे चष्मेवाल्याची मुलगी आणि लेन्सच्या गणितात मार्क गेले, माझा भाऊ सकाळ संध्याकाळ हेच ऐकवतो.

निकाल लागल्यापासून दुकानात जाणं बंद केलंय. नेहमीची गिऱ्हाईकं आहेत ना, सगळ्यांना माहितीय मी परीक्षा दिलेली, आलं की पहिला प्रश्न तोच. मम्मी रडून मोकळी झाली. पप्पा काहीच बोलत नाहीत आणि तेच जास्त लागतंय. मामा म्हणतो कशाला एवढं, नंबर तर आता मशीनच काढतं, हनुवटी टेकवा बटन दाबा झालं, त्यापेक्षा बीएस्सी मायक्रो कर नाहीतर अ‍ॅग्री कर. 

आता पर्याय असे दिसतात: १) ड्रॉप घेऊन परत एन्ट्रन्स, २) पुण्यात एका प्रायव्हेट कॉलेजला बारावीच्या मार्कांवर मिळतंय तिथे जायचं, फी आमच्या मानाने जास्त आहे, ३) मामाचं ऐकायचं. त्या पुण्याच्या कॉलेजातून रोज फोन येतो, सीट भरत आल्यात आज टोकन भरा म्हणून. कोणी या लाईनमधलं असेल तर प्लीज सांगा. आणि मामाचं ते मशीनचं खरंय का? झोप लागत नाही त्यामुळे रात्री दोनला पण रिप्लाय दिलात तरी वाचेन.

---

अ‍ॅक्सिस_नव्वद

आधी मामांचं बघू, कारण मला वाटतं मनातून तुला तेच जास्त टोचलंय.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, गंगापूर रोडच्या बाजूला एका डोळ्यांच्या हॉस्पिटलला काम करतो. ऑटोरेफ, म्हणजे मामांचं ते मशीन, आमच्याकडे पण आहे आणि रोज वापरतो, चांगलं मशीन आहे, पण ते जो आकडा देतं तिथून आमचं काम सुरू होतं. परवाच नऊ वर्षांचा मुलगा आला होता, आई म्हणाली दुसरीकडे मशीनवर पावणेदोन मायनस आलाय, चष्मा पण बनवलाय, पण पोरगा घालतच नाही, डोकं दुखतं म्हणतो. लहान मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्याचा फोकस ताणून धरतात, मशीनला तो ताण मायनस नंबर वाटतो. डोळ्यात ड्रॉप टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, तो ताण सुटला, मग रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकायचं हातातलं यंत्र) घेऊन अंधाऱ्या खोलीत बसलो. बाहुलीत लालसर उजेडाचा पट्टा दिसतो, आपण स्कोप हलवला की तो पट्टा आपल्याबरोबर सरकतो की उलटा, त्यावरून काच लावत जायचं, पट्टा हलायचा थांबला आणि अख्खी बाहुली एकदम उजळली की समजायचं आकडा सापडला. आपण पेशंटपासून ज्या अंतरावर बसतो त्याचा दीड नंबर त्यातून वजा करायचा. पोराचा नंबर निघाला मायनस अर्धा. बटन दाबून हे झालं असतं तर तो पोरगा आमच्यापर्यंत आलाच नसता. आणि हे झालं फक्त नंबरचं. कॉन्टॅक्ट लेन्स, तिरळेपणाचे व्यायाम, लो व्हिजन (चष्मा लावूनही कमी दिसणारे पेशंट), काचबिंदूचं प्रेशर, डायबेटिसवाल्यांची पडद्याची तपासणी, हे सगळं मामांच्या हिशोबात आलेलंच नाही.

आता तुझा प्रश्न. टोकन आज भरू नकोस. जे कॉलेज अठरा वर्षांच्या पोरीला रोज फोन करून घाई करतं त्याची सीट आठवड्याने पण मिळते, असा माझा अनुभव. आधी जाऊन बघ, आणि बघायचं ते बिल्डिंग आणि एसी क्लासरूम नाही. सकाळी दहाला जा, त्यांची स्वतःची ओपीडी आहे का बघ, बाहेर बाकड्यावर पेशंट बसलेत का बघ. हॉस्पिटल कुठलंतरी लांबचं टायअपवालं असेल तर विचार पोरांना तिथे कधीपासून पाठवतात. थर्ड इयरचं कोणी कॅन्टीनला भेटलं तर एकच विचार, खऱ्या पेशंटवर रेटिनोस्कोपी पहिल्यांदा कधी केलीस? सेकंड इयरला म्हणाला तर ठीक. इंटर्नशिपला केली म्हणाला तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही. शिकवणाऱ्यांमधे एम.ऑप्टोम किती, ट्रायल सेट (वेगवेगळ्या नंबरच्या काचांची पेटी) किती पोरांत एक, रेटिनोस्कोप स्वतःचा घ्यायला लावतात का (लावतात तर चांगलंच, खर्च असला तरी). आणि डिग्री कुठल्या विद्यापीठाची ते कागदावर बघ, तोंडी नको.

२०२१ च्या कायद्याने अलाईड हेल्थवाल्यांसाठी (म्हणजे पॅरामेडिकलसारखे कोर्स) राष्ट्रीय आयोग झालाय आणि ऑप्टोमेट्रिस्ट त्यात येतात. म्हणजे पुढे रजिस्ट्रेशन लागणार, तिथे डिग्री बरोबर जागेची हवी. आजवर बहुतेक ठिकाणी तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप असं चालत आलंय, पण अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे नियम बदलतायत, त्यामुळे सीनियरने सांगितलं म्हणून नको, ह्या वर्षीची नोटीस स्वतः वाच. आरोग्य विद्यापीठाचं ऑफिस आपल्याच म्हसरूळला आहे, संलग्न कॉलेजांची यादी त्यांच्या साईटवर असते, ती पण चाळ.

ड्रॉपचं नंतर लिहितो, ओपीडी सुरू झाली.

---

एका_मुलीची_आई

बाळा आधी जेवतेस ना नीट? रात्री दोनला जागी राहू नकोस.

मी या लाईनमधली नाही पण माझ्या मुलीचं दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, वेगळ्या कोर्सचं, म्हणून लिहितेय. पप्पा बोलत नाहीत म्हणजे रागावलेत असं धरू नकोस. आमच्याकडे पण हे आठ दिवस गप्प होते आणि नंतर कळलं की माणूस फीचा हिशोब करत होता, एलआयसीवर लोन किती मिळेल, सोसायटीतून किती उचलता येईल, ते जमेपर्यंत पोरीसमोर काय बोलायचं हे सुचत नव्हतं. तूच जाऊन विचार, की पप्पा किती झेपेल. मोठी झालीस आता, आकडा माहीत असायला हवा तुला.

फीचं अजून एक. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना (ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी) व्यावसायिक कोर्सला फी माफीची योजना आहे पण अभिमत आणि खाजगी विद्यापीठं त्यात येत नाहीत, आणि प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून झालेला लागतो. म्हणजे डायरेक्ट टोकन भरून घेतलेल्या सीटला ती मिळेल असं कॉलेजवाला फोनवर कितीही छातीठोक म्हणाला तरी आधी महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपच्या साईटवर) त्या कॉलेजचं आणि कोर्सचं नाव दिसतं का ते बघ. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल आत्ताच सेतूला टाकून ठेव. शेवटच्या आठवड्यात सेतूत पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर बसलेला असतो.

ड्रॉप मात्र घेऊ नकोस असं मला वाटतं. मुलीचं एक वर्ष म्हणजे नातेवाईकांच्या तोंडाला काम. हे चुकीचं आहे मला कळतं पण आहे ते आहे.

---

नाशिकरोड_टू_हैदराबाद

काकू सॉरी पण नातेवाईकांसाठी ड्रॉप घ्यायचा नाही हे कारणच पटत नाही. नातेवाईक अ‍ॅडमिशन घेतली तरी बोलतात, ऑप्टोमेट्री म्हणजे ऑर्थो का म्हणून विचारतात, मला तर एकांनी लग्नात पाय दाखवला होता 😅

मी ड्रॉपवाला. आत्ता इंटर्न आहे. माझं मत सांगतो, पटलं तर घे.

ड्रॉप घ्यायचा की नाही हे तुझा स्कोअर ठरवेल, तुझा मूड नाही. आधी पेपर परत सोडव. एम्सचा पॅटर्न नव्वद मिनिटात नव्वद प्रश्न, फिजिक्स तीस, केमिस्ट्री तीस आणि बायो किंवा मॅथ्स तीस, आणि एक तृतीयांश निगेटिव्ह, म्हणजे तीन चुकले की कमावलेला एक गेला. आता मेमरीने जेवढे आठवतात तेवढे प्रश्न घे आणि वहीत तीन रकाने कर. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. पहिल्या रकान्यात गर्दी असेल तर वर्ष लागेल, बेसिकपासून. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात गर्दी असेल तर तुला अभ्यास कमी नाही, सराव कमी आहे, आणि सरावाला अख्खं वर्ष घरी बसायची गरज नाही. तू बायो मस्त केमिस्ट्री ठीक म्हणतेस म्हणजे मला वाटतं प्रकरण एका विषयाचं आहे. एका विषयासाठी वर्ष द्यायचं का हा खरा प्रश्न आहे. माझे तिन्ही बसलेले होते म्हणून मी दिलं.

आणि ड्रॉपचं सांगतो कोणी सांगत नाही ते. जुलै ऑगस्ट भारी जातात, जोश असतो, टाईमटेबल रंगीत पेनाने वगैरे. दिवाळीनंतर बेकार. मित्र सुट्टीला येतात, कॉलेज रोडला सगळे भेटतात, प्रत्येकाकडे अ‍ॅप्रन घातलेले फोटो आणि आपल्याकडे सांगायला एचसी वर्माचं फिजिक्सचं पुस्तक. तेव्हा अभ्यासिका सोडायची नाही हे ज्याला जमतं त्याने घ्यावा. मी घरी अभ्यास करूच शकत नव्हतो, अभ्यासिकेत सीट लावली होती, समोर एमपीएससीवाला दादा बसायचा, तो सकाळी सातला यायचा त्यामुळे मला पण लाजेने सातला यावं लागायचं. रविवारी मॉक, खऱ्या पेपरच्याच वेळेला, मोबाईल बॅगेत. फिजिक्सला एनसीईआरटीची उदाहरणं परत परत, जाडजूड पुस्तकांच्या मागे लागू नको, एन्ट्रन्सला प्रश्न सोपे असतात फक्त एका मिनिटात सुटले पाहिजेत.

अजून एक, दोनच फॉर्म भरायचे नाहीत. चेन्नईचं एलिट स्कूल आहे, शंकर नेत्रालयाचं, १९८५ पासून चालू. हैदराबादला एल व्ही प्रसाद आहे. पुण्यात भारती विद्यापीठ, मुंबईत लोटस. प्रत्येकाची प्रोसेस वेगळी, तारखा वेगळ्या, काहींना इंटरव्ह्यू पण असतो. तारखांचा एक कागद करून भिंतीला लाव, मोबाईलमधला रिमाइंडर आपण सवयीने पुसतो.

---

एका_मुलीची_आई

@नाशिकरोड_टू_हैदराबाद, बाळा तुझं बरोबर आहे, पण तुला कोणी स्थळ आलंय म्हणून फोन केला नसेल. असो. अभ्यासिकेचं आवडलं, मुलींसाठी वेगळी खोली असलेल्या पण आहेत, फक्त रात्री येण्याजाण्याचं बघून घे.

---

रविवार_कारंजा_काका

मुली, मी चष्म्याच्या धंद्यात उभी हयात घालवली, आता मुलगा दुकान बघतो आणि मी इथे सल्ले देतो. तुझे पप्पा कदाचित मला ओळखत पण असतील.

तू दुकानात जाणं बंद केलंस हे मला अजिबात आवडलं नाही. गिऱ्हाईक काय दोन दिवस विचारतं, तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या चष्म्याची डिलिव्हरी कधी ते पडलेलं असतं. उद्या सकाळी जा आणि पप्पांना म्हण हाताने नंबर ओळखायला शिकवा. लेन्सोमीटर, ते काचेचा नंबर मोजायचं मशीन, बाजूला ठेवा म्हणावं. आमच्या वेळी सगळे हेच करायचे. काच हातात धरायची, समोर खिडकीची उभी चौकट किंवा भिंतीवरची रेघ बघायची आणि काच हळूहळू डावीकडे उजवीकडे हलवायची. रेघ काचेबरोबर गेली तर मायनस. उलटी पळाली तर प्लस. काच गोल फिरवली आणि रेघ कात्रीसारखी वाकडी झाली तर सिलिंडर (एकाच दिशेला असतो तो नंबर) आहे. मग ट्रायल सेटमधली उलट नंबरची काच तिच्यावर टेकवायची, बदलत जायचं, रेघ हलायची बंद झाली की त्या काचेचा आकडा वाचायचा, चिन्ह उलटं करायचं, झाला नंबर. हे पाच पन्नास काचांवर केलंस की तुझं ते रे ऑप्टिक्स पुस्तकात शोधावं लागणार नाही. दोन लेन्स चिकटवल्या तर पॉवरची बेरीज होते हे पुस्तकात सूत्र आहे ना? ते आम्ही सूत्र न शिकता रोज करत होतो.

आणि गिऱ्हाईक म्हणालं की चष्मा काढला की एका हातापलीकडचं धूसर दिसतं, म्हणजे समज अर्ध्या मीटरपर्यंतच स्वच्छ, एक भागिले अर्धा म्हणजे दोन, मायनस दोनच्या आसपास नंबर. तुझ्या पेपरात हाच प्रश्न वेगळ्या भाषेत आला असणार बघ.

डिग्री मात्र घेच, कुठूनही का होईना पण पक्की घे. आमचं चाललं, नुसत्या हाताच्या जोरावर चाललं, तुमचं चालणार नाही. माझ्या मुलाला मी डिप्लोमावर थांबवलं, आता कंपनीच्या शोरूमवाले डिग्रीवाले पोरं ठेवतात आणि त्याला ऐकवतात.

---

जर्सीतला_पंचवटीकर

मूळ पंचवटीचा, सध्या न्यू जर्सी. बहिणीची मुलगी इकडेच वाढली, तिची गोष्ट सांगतो, कदाचित उपयोगी पडेल.

इकडे ऑप्टोमेट्री बारावीनंतर नसतेच. आधी चार वर्षं कॉलेज, मग ओएटी नावाची परीक्षा, मग चार वर्षं ओडी (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री), आणि मग लायसन्सच्या वेगळ्या परीक्षा. ओएटी ऑप्टोमेट्री कॉलेजांची जी संघटना आहे तीच घेते. त्यात बायो, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, मग रीडिंग, गणित आणि फिजिक्स वेगळं, चाळीस प्रश्न पन्नास मिनिटं. डेन्टलवाल्यांच्या परीक्षेत फिजिक्स नसतं, इथे असतं, त्याचं कारण काकांनी वर सांगितलंच आहे. स्कोअर २०० ते ४०० मधे, तीनशे म्हणजे साधारण मधला. वाईट भाग म्हणजे पेपर संपवला की तिथेच कॉम्प्युटरवर स्कोअर दिसतो. बाहेर पार्किंगमधे आई गाडीत वाट बघतेय आणि ही आतमधे २६० बघून बसलेली. फिजिक्समधे! बाकी सगळं तीनशेच्या वर. म्हणजे फिजिक्सने रडवायला नाशिक काय आणि जर्सी काय.

तिने काय केलं तर लगेच परत दिली नाही. एका ऑप्टोमेट्रिस्टकडे टेक्निशियन म्हणून लागली, पेशंट आला की प्राथमिक तपासण्या करायच्या, प्रेशर, फोटो, हिस्टरी लिहायची. संध्याकाळी फक्त फिजिक्स. पुढच्या वेळी स्कोअर बरा आला पण मला वाटतं इंटरव्ह्यूत तिला त्या नोकरीनेच तारलं, बाकीची मुलं मला लोकांना मदत करायची आहे वगैरे बोलत होती आणि ही एका आजोबांचं सांगत होती ज्यांना बाजूचं दिसत नाही हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. आता फिलाडेल्फियाला सेकंड इयरला आहे.

फक्त एक फरक लक्षात घे. ओएटी वर्षभरात केव्हाही देता येते, मधे ठरलेला काळ थांबलं की झालं. तुमची एम्सची वर्षातून एकदाच. त्यामुळे तिचं गणित जसंच्या तसं तुला लागू नाही. आणि भारतात बी.ऑप्टोम करून नंतर इकडे यायचं डोक्यात असेल तर तो पण रस्ता आहे, बोस्टनच्या कॉलेजात बाहेरच्या देशातल्या ऑप्टोमेट्रिस्टसाठी कमी मुदतीचा प्रोग्रॅम आहे. पण ते खूप पुढचं, आणि फीचा आकडा आत्ता बघूच नकोस.

---

अ‍ॅक्सिस_नव्वद

ओपीडी संपली. ड्रॉपबद्दल.

हैदराबादवाल्याचा तीन रकान्यांचा मुद्दा एकदम करेक्ट. त्यात माझी भर एवढीच की बी.ऑप्टोमला कुठल्या कॉलेजचा ठप्पा यापेक्षा किती डोळे तपासलेस याने फरक पडतो. आमच्याकडे मोठ्या नावाच्या कॉलेजची पोरं पण येतात आणि साध्या कॉलेजची पण, इंटरव्ह्यूला मी थेट पेशंट समोर बसवतो, दहा मिनिटात कळतं कोणाचे हात चाललेत. त्यामुळे पुण्याची ती ओपीडी चांगली निघाली तर मी म्हणेन जा, ड्रॉप नको. मोठ्या संस्थेत जायची हौस एम.ऑप्टोमला किंवा फेलोशिपला भागवता येते, तेव्हा तू हातात काम घेऊन जाशील. ओपीडी ओस पडलेली निघाली तर मात्र तिथे चार वर्षं घालवण्यापेक्षा एक वर्ष घरी घालवलेलं परवडलं. मधला मार्ग म्हणजे अ‍ॅडमिशन घेऊन आतून परत एन्ट्रन्स देणं, तो मला आवडत नाही. फर्स्ट इयरला अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, जॉमेट्रिकल ऑप्टिक्स एवढं असतं की दोन्हीकडे अर्धवट होतं, आणि फी दोनदा.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर ग्रामीण रुग्णालय, सिव्हिलला नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून जागा असतात, त्याच्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हता काय लिहिलीय ते काढून वाच, म्हणजे कुठली डिग्री चालते ते आपोआप कळेल.

मामांना एकदा हॉस्पिटलला घेऊन ये, चाळिशीच्या पुढचे असतील तर प्रेशर चेक करून देतो 🙂

---

पाथर्डीफाटा_गर्ल

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, खरंच. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

अपडेट देते. तीन रकाने केले. माहीत नव्हतं मध्ये फार कमी निघाले, वेळ पुरला नाही मध्ये फिजिक्सचे जवळजवळ सगळे, कारण मी बायो, केमिस्ट्री आधी घेतलं आणि शेवटी फिजिक्सला जेमतेम वीस मिनिटं उरली मग अंदाजपंचे गोळे भरले, त्यात निगेटिव्ह. म्हणजे @नाशिकरोड दादा म्हणतो तसं प्रकरण एका विषयाचंच आहे असं वाटतंय.

पप्पांशी बोलले. काकू तुम्ही म्हणालात तेच निघालं, पतसंस्थेत चौकशी करून आलेले आणि कोणाला सांगितलं नव्हतं. आकडा सांगितला त्यांनी. पुण्याची फी त्यात ओढूनताणून बसते, हॉस्टेल नाही बसत. मावशी हडपसरला राहते पण तिथून रोज जाणंयेणं म्हणजे बघावं लागेल. कॅप राऊंड आणि महाडीबीटीचं मी आणि पप्पा दोघं बसून बघितलं, त्या कॉलेजचं नाव दिसत नाहीये. हे फोनवाल्याला विचारलं तर म्हणाला मॅडम ते नंतर अपडेट होतं. टोकन भरलेलं नाही.

सोमवारी सकाळच्या शिवशाहीने पप्पा आणि मी पुण्याला जातोय, दहाच्या आत नाही पोचणार पण अकरापर्यंत पोचू, ओपीडी बघायला. आणि बाकीच्यांच्या पण यादी काढल्यात, अजून दोन ठिकाणी फॉर्म चालू आहेत.

काका, हाताने नंबर ओळखणं शिकतेय. सिलिंडरला अजून गोंधळ होतो, कात्री कुठल्या बाजूला उघडतेय ते पटकन कळत नाही. पप्पा तुम्हाला ओळखतात, म्हणाले त्यांच्याकडूनच पहिला ट्रायल सेट सेकंडहँड घेतलेला!!

---

रविवार_कारंजा_काका

अरे म्हणजे इंदिरानगरच्या अलीकडचा तो बारीक मिशीवाला तुझा बाप काय. त्याने त्या सेटचे शेवटचे पैसे अजून दिलेले नाहीत असं सांग त्याला. (गंमत करतोय, दिलेत.) सिलिंडरला घाई करू नको, आधी साध्या काचांवर हात बसू दे.

---

एका_मुलीची_आई

पुण्याला जाताना मार्कशीट आणि दाखल्याच्या झेरॉक्स ने, ओरिजिनल नुसत्या दाखवायला. अ‍ॅडमिशन नक्की होईपर्यंत ओरिजिनल कोणाकडे ठेवायचे नाहीत, मग काय वाट्टेल ते म्हणू देत. आणि टोकन परत मिळणार का, कधीपर्यंत, हे पावतीवर लिहून मागा.

---

सातपूर_एमआयडीसी

थोडं विषय सोडून विचारतो चालेल का. इथे एवढे चष्मेवाले एकत्र भेटले म्हणून. मी नवीन प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) चष्मा घेतलाय, टीव्ही आणि पेपर एकदम ओके, पण कंपनीत लोखंडी जिना उतरताना पायऱ्या धूसर दिसतात, परवा घसरता घसरता वाचलो. दुकानदार म्हणतो सवय होईल. होते का?

---

पाथर्डीफाटा_गर्ल

काका, प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो, तो जवळच्यासाठी. तुम्ही नुसते डोळे खाली करून पायरी बघता तेव्हा त्या भागातून बघता आणि पायरी तर लांब असते, म्हणून धूसर. जिन्यावर मान खाली करायची, म्हणजे काचेच्या वरच्या भागातून पायरी दिसेल, आणि कठडा धरा. त्याची सवय होते थोड्या दिवसात. पण एकदा फ्रेम नाकावरून खाली घसरत नाही ना आणि फिटिंगची उंची बरोबर घेतलीय ना ते दुकानात चेक करून मागा, तुम्ही चष्मा घालून सरळ समोर बघताना त्यांनी काचेवर मार्क करायला हवं. पंधरा दिवसांनी पण तसंच असेल तर सवय होईल वर गप्प बसू नका.

---

अ‍ॅक्सिस_नव्वद

👆 बरोबर. मला काही टाईप करायला ठेवलंच नाही.

---

सातपूर_एमआयडीसी

मान खाली करून बघितलं, फरक आहे. तुमचं दुकान नक्की कुठे म्हणालात? मिसेसचा पण चष्मा करायचाय.

---

पाथर्डीफाटा_गर्ल

पाथर्डी फाट्यावरून अंबडकडे वळलं की डाव्या हाताला, मेडिकलच्या शेजारी. सोमवारी नका येऊ, आम्ही पुण्याला आहोत.